उपवरांची गुलाबी पानं

रविवारी दुपारी दादांच्या घरी पंच्याऐंशी माणसांचं श्रीखंड होतं आणि खाणारी माणसं होती पाच.

मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम दादांनी शनिवारी एकेकाला फोन करून कॅन्सल केला होता. कुणी कारण विचारलं की ते म्हणायचे, "हॉलचा जरा प्रॉब्लेम झालाय." हे तसं खोटंही नव्हतं, सगळं सुरू झालं ते हॉलपासूनच. पण गुरुवारी, ऐन पाडव्याच्या सकाळी, काय घडलं ते ब्रॅमहॉलमधल्या दोनशे मराठी घरांना शुक्रवार संध्याकाळपर्यंत ठाऊक झालं होतं. आणि ठाऊक असूनही "अरेरे, हॉलचा का?" असं म्हणण्याइतकी सभ्यता त्या दोनशे घरांत होती. सभ्यतेत आपली माणसं न्यू जर्सीत कुणाला हार जायची नाहीत.

तेव्हा मालिनीवहिनींनी दोन दिवस दही आणि सावर क्रीम टांगून केलेला चक्का वाया जाऊ नये, म्हणून घरच्याच माणसांना जेवायला बोलावलं, असं दादांनी चारुदत्तला फोनवर सांगितलं. उत्तरा दुसऱ्या फोनवरून ऐकत होती. अठरा वर्षांच्या संसारात दादांनी धाकट्या भावाला अन्न वाया जाऊ नये म्हणून कधी बोलावलं नव्हतं. बोलावलं होतं ते तिचं तोंड बंद करायला. उद्या सोमवारी संध्याकाळी सातला सिटी कौन्सिलची मीटिंग होती.

टेबलाच्या डोक्याशी दादा. त्यांच्या उजव्या हाताला चारुदत्त, कारण तो नेहमीच उजव्या हाताला असतो. समोर दादांची मुलगी मृणालिनी, अठरा वर्षांची, कॉलेजातून आलेली. तिच्या शर्टावर कौन्सिलच्या ठरावाला पाठिंबा देणारा बिल्ला होता आणि तो काढायचा नाही असं तिनं ठरवलेलं दिसत होतं. वहिनी वाढत होत्या. गुरुवारपासून त्यांनी दादांशी एक शब्द बोललेला नव्हता, पण पुऱ्या मात्र त्यांच्याच ताटात सगळ्यांत आधी पडत होत्या. उत्तरानं दोन्ही गोष्टी टिपून ठेवल्या.

टिपून ठेवायची तिला सवयच होती. चौदा वर्षं ती हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये होती. पेशंटची सही असल्याशिवाय तिनं पेशंटच्या बायकोलासुद्धा फाइल दाखवलेली नव्हती. एकदा खुद्द पोलीस आले तर त्यांनाही खुर्चीवर बसवून कोर्टाचा कागद आणायला परत पाठवलं होतं. त्यामुळे गुरुवारी सकाळी साडेसहाला तिच्या दारात जो कागद तिनं पाहिला, त्यावरून तिचा जो संताप झाला होता तो चार दिवस झाले तरी उतरत नव्हता.

दारात इमिग्रेशनचे दोन साहेब होते. तळघराच्या मागच्या दाराशी शहराचा पोलीस उभा होता; तोच, जो दर जुलैला मंडळाच्या पिकनिकला पार्किंग सांभाळायला यायचा आणि कागदी बशीतून चार-चार बटाटेवडे खायचा. त्यानं उत्तराकडे पाहिलं नाही. साहेबांच्या हातात मंडळाची नामावली होती, १९८५ सालची. ती उत्तरानंच आपल्या किचनच्या टेबलावर टाईप केलेली. नामावलीच्या शेवटी गुलाबी कागदाची पुरवणी असते, उपवर मुलामुलींची: जन्मतारीख, उंची, गोत्र, शिक्षण, आणि शेवटच्या रकान्यात व्हिसा कोणता आणि कुठल्या तारखेपर्यंत. साहेबांचं बोट त्या शेवटच्या रकान्यावर होतं. आणि कव्हरवर, श्रीगणेशाच्या चित्राच्या जरा खाली, शहराच्या रिक्रिएशन खात्याचा निळा गोल शिक्का होता.

ते प्रल्हादला घेऊन गेले. प्रल्हाद आगटे, मालिनीवहिनींच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. एम. एस. झाला, वर्षभर काम करायची परवानगी मिळाली, ती गेल्या जूनमध्ये संपली, आणि ज्या कंपनीनं पुढचे कागद करू म्हटलं होतं ती कंपनीच बंद झाली. मग तो एका फोटो लॅबमध्ये लागला. आधी मावशीकडेच राहायचा. परवानगी संपल्यावर दादा म्हणाले, मंडळाच्या अध्यक्षाच्या घरी हे बरं दिसत नाही. तेव्हा तो सूटकेस घेऊन उत्तराच्या तळघरात आला. बरं दिसण्याचा प्रश्न तळघराला नसतो.

दोन दिवसांत त्याच गुलाबी पानांवरून आणखी दोघांना नेलं. पानांवर तारीख उलटून गेलेली नावं एकूण बारा होती. उरलेली नऊ मुलं आता कुणाकुणाच्या सोफ्यावर झोपत होती आणि कामावर जात नव्हती.

"उद्या मी मीटिंगला जातोय," दादा म्हणाले. तोंड पुसून त्यांनी नॅपकिनची घडी घातली. "नाव दिलंय बोलायला. दोन परिच्छेद लिहिलेत. मंडळ ही सांस्कृतिक संस्था आहे, या विषयावर मंडळाची कोणतीही भूमिका नाही. एवढंच."

"अँड यू कॉल दॅट अ स्टेटमेंट," मृणालिनी म्हणाली.

"मराठीत बोल."

"मराठीत याला काय म्हणतात मला माहीत नाही, बाबा. पळून जाणं म्हणतात का?"

चारुदत्त खाकरला. तो भूल देणारा डॉक्टर. समोरचं माणूस तळमळायला लागलं की हळू आवाजात बोलत राहायचं, त्याला झोप लागेपर्यंत, ही धंद्यातली रीत तो घरीही चालवायचा. "मिनू, तसं नाही गं. दादांवर जबाबदारी आहे. दोनशे कुटुंबं आहेत. उद्या पेपरात नाव आलं की..."

"काका, तुम्हाला व्होट माहिती आहे का? नऊ मेंबर आहेत. चार यस, चार नो. मिस्टर ओकीफ अनडिसायडेड. ठराव आणणारी मिसेस व्हलेरो त्यांच्याकडे तीनदा जाऊन आली. ते म्हणतात, मला एक एक्झाम्पल दाखवा. शहरानं कधी कुणाचा कागद इमिग्रेशनला दिला ते एकदा दाखवा. दिलाच नसेल तर ऑर्डिनन्स कशाला? वन. जस्ट वन." तिनं बोट वर केलं आणि ते वळवून उत्तराकडे नेलं. "काकूनं बघितलाय स्टॅम्प."

आता सगळ्यांनी उत्तराकडे पाहिलं. उत्तरानं पुरीचा तुकडा श्रीखंडात बुडवला आणि तिथेच राहू दिला.

ठराव काय होता ते या घरात प्रत्येकाला पाठ झालं होतं. न्यायाधीशाचा हुकूम असल्याशिवाय शहराच्या कुठल्याही खात्यानं रहिवाशांची नावं, पत्ते, कागद इमिग्रेशनला द्यायचे नाहीत. शहराचा पोलीस त्यांच्यासाठी कुणाच्या मागच्या दाराशी उभा करायचा नाही. आणि जे आतापर्यंत दिलं असेल ते परत मागायचं. इमिग्रेशनवाल्यांची माणसं मोजकीच. शहराचे पोलीस आणि शहराची कपाटं हाताशी नसली तर नऊ मुलांच्या मागे दारोदार फिरणं त्यांना परवडणार नव्हतं. ठराव पास झाला तर ती नऊ मुलं सोफ्यावरून उठतील. नाही झाला तर मुलांची नावं त्यांच्याकडे होतीच, आणि पत्तेही होते, झिप कोडसकट. उत्तरानं स्वतः तपासून घातलेले.

"शिक्का पाहिला असेल," दादा म्हणाले. "मी नाही म्हणत नाही. पण पाहिलेलं सगळं सांगितलंच पाहिजे असा कायदा नाही. उत्तरा, तू सुज्ञ आहेस."

दादांनी सुज्ञ म्हटलं की उत्तरा सावध व्हायची. मागच्या वेळी ती सुज्ञ ठरली तेव्हा साठ माणसांच्या पोळ्या तिच्याकडे आल्या होत्या.

"दादा, एक विचारू? रिक्रिएशन खात्याला नामावली दिली कशाला? त्यांनी तर फक्त नावं मागितली होती."

"हॉल फुकट हवा असेल तर निम्म्याहून जास्त मेंबर ब्रॅमहॉलचे रहिवासी आहेत हे दाखवावं लागतं. त्यांनी मेंबरशिप लिस्ट मागितली. मी दिली."

"मेंबरांची पानं पांढरी होती. गुलाबी पानांत मेंबर नाहीत, मेंबरांची पोरं आहेत."

"पुस्तक बांधलेलं होतं. फाडून अर्धं देऊ? सरकारी ऑफिसात फाटकं पुस्तक?" दादांचा आवाज चढला. "माझ्या नावानं कव्हरिंग लेटर जोडून, व्यवस्थित, पूर्ण पुस्तक दिलं मी. आपण लपवाछपवी करणारे लोक नाही हे त्यांना दिसावं म्हणून दिलं. त्या काउंटरवरच्या बाईनं ते उचलून कुणाला दिलं याला मी काय करणार?"

"हेच उद्या सांगा ना," उत्तरा म्हणाली. "अगदी याच शब्दांत."

"म्हणजे सोळा वर्षं उभं केलेलं मंडळ एका संध्याकाळी बुडवू? उद्या कुठला बाप मंडळाला आपल्या मुलाची माहिती देईल?"

"आजही कोण देणार आहे?"

चारुदत्तनं तिच्या पायाला पाय लावला. त्याचं म्हणणं तिला ठाऊक होतं. गेल्या तीन दिवसांत तो ते तीन आवाजांत बोलला होता. तळघरात ठेवून घेतलं म्हणून आपल्यावर काही येईल का, हॉस्पिटलला कळलं तर काय, वकिलाला विचारूया. वकिलाला विचारलं तर त्यानं सांगितलं, गप्प बसा. गप्प बस म्हणायला वकील लागत नाही, तसं म्हणणारा माझ्या घरातच आहे, असं उत्तरा त्यावर म्हणाली होती.

"आणि तत्त्वाचं म्हणाल," दादा आता सगळ्यांना उद्देशून बोलू लागले, मंडळात बोलतात तसे, "तर तारीख संपली की परत जायचं असतं. मला प्रल्हादचं वाईट वाटत नाही असं नाही. पण आपण या देशात आलो ते नियम पाळून आलो. मी प्रत्येक तारीख पाळली. एक दिवस इकडचा तिकडे केला नाही."

"अकरा आठवडे," वहिनी म्हणाल्या.

त्या पुऱ्यांचं ताट हातात धरून दादांच्या मागे उभ्या होत्या, त्यामुळे दादांना मान वळवावी लागली.

"काय?"

"एकोणसत्तर साली. बेयॉनमधली नोकरी गेली तेव्हा. नवीन नोकरीचे कागद यायला अकरा आठवडे लागले. मिनू वर्षाची होती. दारावर कुणी थाप मारली की आपण तिघं बाथरूममध्ये जाऊन बसायचो. ती रडू नये म्हणून मी तिच्या तोंडात साखरेचं बोट घालायची." वहिनींनी ताट टेबलावर ठेवलं. "अकरा. मी कॅलेंडरवर फुल्या मारल्यात. तुम्ही मोजले नसतील."

मृणालिनीनं वडिलांकडे पाहिलं. ती बोलली असती तर दादांना सोपं गेलं असतं.

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती," दादा म्हणाले.

"हो. तेव्हा आपल्याला कुणी पुस्तकात छापलं नव्हतं."

अठरा वर्षांत वहिनींनी चारचौघांत दादांचं वाक्य तोडलेलं उत्तरानं पाहिलं नव्हतं. तिला आनंद व्हायला हवा होता, आणि क्षणभर झालाही. मालिनीवहिनी आपल्या बाजूला. म्हणजे टेबलावर आता तीन विरुद्ध एक, आणि चारुदत्त जिकडे जास्त तिकडे. पण वहिनी थांबल्या नाहीत.

"आणि तो माझा बावळट," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज फाटला. "एवढा शिकलेला. नामावलीच्या फॉर्मवर स्वतःच्या हातानं खरी तारीख लिहून बसला. कोण लिहितं खरं? जोगळेकरांच्या मुलानं ग्रीन कार्ड येतंय म्हणून लिहिलं, त्याला ग्रीन कार्डाचं पाकीटसुद्धा आलेलं नाही. त्याच्याकडे कुणी गेलं नाही. यानं पंच्याऐंशीचं शहाऐंशी केलं असतं तर काय बिघडलं असतं? त्याच्या दारावरून पुढे गेले असते. मी काल फोनवर ताईला तेच म्हटलं. तुझ्या मुलाला तू फार खरं बोलायला शिकवलंस."

उत्तराला वाटलं, आत्ता काही बोलले नाही तर हे असंच राहील. प्रल्हाद बावळट ठरेल, त्याची आई पुण्यात स्वतःला दोष देईल, आणि कुणालाच कधी कळणार नाही. तो विमानात बसला की सांगणारंही कुणी उरणार नाही. तिच्या रेकॉर्ड रूममध्ये अशा किती फाइली होत्या, ज्यांत चूक कुणाची ते फक्त कपाटाला माहीत होतं.

"त्यानं शहाऐंशीच लिहिलं होतं, वहिनी."

"काय?"

"फॉर्मवर. जून शहाऐंशी. मी त्याला म्हटलं, कागद दाखव. सगळ्यांचेच बघत होते मी. आदल्या वर्षी पार्सिपनीच्या मुलीला फसवलं होतं ना, मुलानं ग्रीन कार्ड आहे म्हणून सांगितलं आणि लग्नानंतर कळलं की नाही. तेव्हा ठरलं होतं की तपासल्याशिवाय छापायचं नाही. प्रल्हाद म्हणाला, काकू, तोपर्यंत होऊन जाईल, राहू दे ना. मी म्हटलं, झालं की पुढच्या वर्षी बदलू." उत्तराला आपला आवाज रेकॉर्ड रूमच्या काउंटरवरच्यासारखा ऐकू येत होता. "मी शहाऐंशी खोडून पंच्याऐंशी टाईप केलं."

वहिनींनी खुर्ची ओढली आणि बसल्या. बसल्यावर त्यांनी उत्तराकडे जे पाहिलं ते दादांकडेही पाहिलं नव्हतं.

"तू."

"हो."

"दहा महिने तो तुझ्या तळघरात होता. तू त्याला डबा द्यायचीस. मी सगळ्यांना सांगत फिरायची, माझ्या जावेनं केलं ते माझ्या घरात मला करता आलं नाही."

"वहिनी, मला काय माहीत होतं की..."

"तुला कधीच काही माहीत नसतं. तुला फक्त बरोबर असायचं असतं. कुणाची पोळी करपली, कुणी कितीला आलं, कुणाची तारीख कधीची. एका मुलानं म्हटलं राहू दे, तर तुला ठेववलं नाही. कुणाची मुलगी वाचवलीस तू? त्याला तर स्थळसुद्धा आलं नाही एक."

दादा खुर्चीत जरा मागे टेकले. उत्तराला तेही दिसलं. टेबल फिरलं होतं, आणि फिरवलं होतं तिनंच.

"तेव्हा बघ," दादा जवळजवळ प्रेमानं म्हणाले. "उद्या उभी राहशील तर हे पण विचारतील. तारखा कुणी घातल्या? कुणी तपासल्या? मीडियावाले असतील. मी तुझ्याच भल्यासाठी सांगतोय. आपण दोघं गप्प बसलो तर..."

"तुम्ही बोलू नका," वहिनी म्हणाल्या.

"मालिनी, मी तुझ्याच..."

"अहो, तुम्ही बोलू नका." त्यांनी दादांकडे न बघता हात वर केला आणि उत्तराला म्हणाल्या, "तू उद्या जा. जाऊन सगळं सांग. यांचं तेवढं सांगून स्वतःचं झाकशील तर मी तिथेच उभी राहीन. आणि स्वतःचं सांगून यांचं झाकलंस, घरचे म्हणून, तरी उभी राहीन. मला इंग्लिश येत नाही असं तुम्हा सगळ्यांना वाटतं. मला लागेल तेवढं येतं."

दादा उठले. नॅपकिनची घडी त्यांनी ताटाशेजारी सरळ लावून ठेवली.

"माझं नाव त्या सभेत घेतलं गेलं," ते सावकाश म्हणाले, "तर या घराशी तुमच्या घराचा संबंध संपला. चारू, तूही ऐक. आईच्या श्राद्धालासुद्धा नाही. मी शब्द फिरवत नाही."

ते वरच्या खोलीत, मंडळाच्या ऑफिसात, गेले. दार आपटलं नाही. दादा दार आपटत नसत. चारुदत्त उत्तराला म्हणाला, "चल, आपण घरी जाऊन शांतपणे विचार करू."

"तू कर," उत्तरा म्हणाली. "तुला शांतपणे जमतो."

कुणीही श्रीखंडाचं भांडं झाकलं नाही.

*

कौन्सिलच्या हॉलमध्ये सोमवारी बसायला जागा नव्हती. एका बाजूला चर्चचे लोक, एल साल्वादोर देशातून पळून आलेली कुटुंबं, मांडीवर पोरं. दुसऱ्या बाजूला टोप्या घातलेले म्हातारे, ज्यांच्या हातातल्या पाट्यांवर कायदा म्हणजे कायदा असं लिहिलं होतं. ते म्हातारे दिसायला दादांसारखे नव्हते, पण बसले होते तसेच, पाठ ताठ करून. दादा मधल्या रांगेत होते, करड्या सूटमध्ये. मराठी माणसं म्हणाल तर दोनशे घरांतून सात आली होती, आणि सातही मागच्या भिंतीला टेकून उभी होती, म्हणजे वेळ आली तर आपण आलोच नव्हतो असं म्हणता यावं.

चारुदत्त आला होता. उत्तराला त्याची अपेक्षा नव्हती. तो तिच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "मला हे पटलेलं नाही." मग म्हणाला, "पण पार्किंग मिळालं नसतं तुला." यावरून त्याला किती पटलं ते तिनं आपल्यापुरतं ठरवून टाकलं.

वहिनी तिच्या शेजारी बसल्या नाहीत. मृणालिनीच्या पलीकडे बसल्या. कोठडीतून त्यांना दुपारी फोन आला होता: प्रल्हादला शुक्रवारच्या विमानात बसवणार. ठराव पास होवो न होवो, त्याला त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

उत्तराचं नाव पुकारलं. ती माइकपाशी गेली आणि तिनं सांगितलं. गुरुवार, साडेसहा, दोन माणसं, मागच्या दाराशी शहराचा पोलीस, त्याचा नंबर. पुस्तकाचं कव्हर, शिक्का निळा, गोल, रिक्रिएशन खात्याचा, तारीख बारा सप्टेंबर. तिनं सोबत नामावलीची आपली प्रत आणली होती. ती तिनं क्लार्ककडे दिली नाही. हातात धरून फक्त कव्हर दाखवलं. "हे मी कुणाला देणार नाही," ती म्हणाली. "मी हॉस्पिटलात काम करते. सही असल्याशिवाय मी कागद देत नाही. शहरानं आम्हाला न विचारता दिला. माझा राग त्याबद्दल आहे."

टाळ्या झाल्या. मिस्टर ओकीफ पूर्वी आगीच्या बंबावर होते. त्यांना टाळ्या आवडत नसाव्यात. ते थांबून राहिले.

"मॅडम, त्या लोकांना कसं कळलं की तो मुलगा बेकायदेशीर आहे? पुस्तकात तसं लिहिलेलं होतं?"

"पुस्तकात तारीख होती. परवानगी कधी संपते ती."

"आणि ती तारीख खरी होती?"

"हो."

"तुम्हाला कसं माहीत?"

मागच्या भिंतीपाशी कुणीतरी मराठीत, हळू, पण ऐकू जाईल इतक्या हळू म्हणालं, "आता बोला."

"कारण ती मी घातली," उत्तरा म्हणाली. "त्यानं खोटी लिहिली होती. मी दुरुस्त केली. लग्न ठरवायला मुलीच्या आई-वडिलांना खरं कळावं म्हणून. इमिग्रेशनला कळावं म्हणून नाही."

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. बहुधा लग्नाचं ऐकून. उत्तरानं मागे वळून पाहिलं नाही. वहिनी हसल्या नसतील एवढं तिला ठाऊक होतं.

ओकीफ हसले नाहीत. त्यांनी काहीतरी लिहिलं. "आणि हे पुस्तक शहराकडे आलं कसं?"

"हॉलसाठी अर्ज केला होता. त्याला जोडून."

"कुणी जोडलं?"

"आमच्या मंडळाच्या अध्यक्षांनी."

"फॉर द रेकॉर्ड, मॅडम. नाव लागेल."

माइकचा खर्जातला आवाज येत होता. उत्तरानं तोंड उघडलं आणि तिला उमगलं की ते नाव आपल्या तोंडातून कधीच बाहेर पडलेलं नाही. सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, थोरल्या दिराचं नाव घ्यायचं नाही. ती हसली होती, बी. ए. झालेली मुलगी. पण घेतलं नाही ते नाहीच. दादा म्हणायचं, परक्यांपुढे आमचे थोरले म्हणायचं. नामावलीत ते बोटांनी दरवर्षी टाईप केलं होतं. जिभेला त्याची चव नव्हती. अमेरिकेत आल्यावरसुद्धा, जिथे लोक बॉसला बिल म्हणून हाक मारतात, तिथेसुद्धा.

"मॅडम?"

"हेमचंद्र," उत्तरा म्हणाली. आवाज स्पीकरमधून सगळीकडून परत आला. "हेमचंद्र वामन रिसबूड."

क्लार्कनं स्पेलिंग विचारलं. तिनं एकेक अक्षर सांगितलं, न चुकता.

मधल्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. या देशात सरकारी खोलीत आपलं नाव पुकारलं की उभं राहायचं, ही दादांची वीस वर्षांची सवय. आणि ते उभे राहिले, कोटाचं मधलं बटण लावत. हातात दोन परिच्छेदांचा कागद होता. त्यांनी आधी उत्तराकडे पाहिलं. त्या नजरेत रविवारचा शब्द होता, आणि तो फिरणार नव्हता, हे तिनं वाचलं.

"तुम्हीच का ते, सर?" ओकीफनी विचारलं. "शहराला हे पुस्तक तुम्ही दिलंत?"

दादांनी कागदाकडे पाहिलं. त्यात या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

"हॉलसाठी," ते म्हणाले. माइक त्यांच्यासमोर नव्हता, तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. त्यांचं इंग्लिश नेहमी स्वच्छ असे. आज त्यातले शब्द दातांखालून येत होते. "मी हॉलसाठी दिलं होतं. एका संध्याकाळच्या हॉलसाठी. त्यांनी नावं मागितली, मी विश्वासानं दिली. माझी माणसं उचलून न्यायला नव्हती दिली मी."

आणि मग कुणी न सांगताच ते उभेच राहिले, ओकीफनी मागितलेलं ते एक उदाहरण होऊन, जणू कौन्सिलनं त्यांना बसायला सांगितलं असतं तरी ते बसणार नव्हते.